मुका काटा

औषधांच्या दुकानातला वजनकाटा बोलका आहे, हे आधी कुणी सांगितलं असतं तर ठिणगी मेली तरी त्याच्यावर चढली नसती.

पण ती चढली. आतून आधी काहीतरी टुण्णकन वाजलं आणि मग एका बाईचा गोड, ठणठणीत, अख्ख्या दुकानाला पुरेल असा आवाज आला — "आपले वजन आहे... अठ्ठ्याहत्तर किलो. धन्यवाद!"

खोकल्याच्या गोळ्या घेणारे आजोबा वळले. कडेवर बाळ घेतलेली बाई वळली. बाळसुद्धा वळलं.

"आवाज छान आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

ठिणगी गर्रकन फिरली. मागे एक उंच, काडीसारखा मुलगा उभा. अंगठ्याला कापलेलं, त्यावर रुमाल गुंडाळलेला, आणि शर्टाच्या खिशावर खाकी चिकटपट्टीचा तुकडा, बहुतेक त्याला माहीतच नसलेला.

"कोणाचा आवाज?" तिने डोळे बारीक केले.

"मशीनचा."

"मग लग्न करा ना तिच्याशी!"

"नको बाबा. घरातलं सगळं बाहेर सांगेल."

दुकानदार फिस्सकन हसला. ठिणगी हसली नाही. म्हणजे, ओठ हलले होते, पण तिने दातांनी धरून ठेवले. पाय आपटत ती दारापर्यंत गेली तोवर हा मागून म्हणतोच आहे, "रागावू नका हो... आमच्याकडचा काटा मुका आहे. समोरच, रस्त्यापलीकडे, पार्सल ऑफिस. कधीही या."

"मी काय पार्सल आहे?"

"छे. पार्सलं एवढी बोलत नाहीत."

तिने दार असं आपटलं की वरची घंटी बराच वेळ वाजत राहिली.

आता हिला ठिणगी का म्हणायचे ते वेगळं सांगायला नकोच. मावशीच्या बेकरीत, मागच्या खोलीत, छातीएवढ्या उंच टेबलापाशी ती उभी असायची आणि केकवर क्रीमची फुलं काढायची. नुसती फुलं नाही, पाकळीला दुमड असलेली, एखादी पाकळी मुद्दाम गळायला आलेली. लोक केक कापताना फूल बाजूला काढून ठेवायचे, खायला जीव व्हायचा नाही म्हणून. पण मोठ्या केकभोवती दिवसभर फिरायला लागतं, आणि तिचा उजवा गुडघा हल्ली संध्याकाळपर्यंत फुगून बन होत होता.

डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबून बघितला आणि म्हणाल्या, "औषध देते. पण खरं औषध म्हणजे पाच-सहा किलो कमी कर. नाहीतर उभं राहायचं काम सोड."

मावशी सोबत होती, तिने ते ऐकलं. आणि मावशीने एकदा ऐकलं की संपलं.

"तीन महिने देते तुला," बेकरीत परत येताना मावशी म्हणाली. "डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या तर टेबल तुझं. नाहीतर तू गल्ल्यावर बसायचं, खुर्चीत. आयसिंग बाहुली करेल."

बाहुली म्हणजे मावशीची मुलगी. स्वभावाने गोड, पण तिने काढलेला गुलाब बघून एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, हा कोबी कशासाठी?

"मावशी, माझा गुडघा मोडला तरी चालेल, पण—"

"मला नाही चालणार. तुझ्या आईला तोंड कोण दाखवणार, तू?"

म्हणून हा सगळा खटाटोप. सकाळी उठून मैदानाला चकरा. चहातली साखर बंद. बटर, बिस्किटं, पाव बंद. आणि हे सगळं बेकरीत राहून! ओव्हनमधून गरम केक बाहेर यायचा तेव्हा ती नाक दाबून मागच्या दारात जाऊन उभी राहायची. क्रीमची चव बघणं तर कामच होतं, तर तेवढं करंगळीच्या टोकावर. वर जो भेटेल तो सल्ला द्यायचा. लिंबू पी. गरम पाणी पी. रात्री जेवू नको. पहाटे जेव. शेजारच्या काकूंनी तर सांगितलं, जेवताना अन्नाकडे रागाने बघायचं. ते मात्र तिला आपोआप जमत होतं.

घरी काटा होता. पण घरी दादाही होता. ती काट्यावर चढली की दादा बाहेरच्या खोलीतून ओरडायचा, "आई गं, भूकंप!" आणि वर आकडा सगळ्या मामेभावंडांना कळवायचा. बेकरीतला काटा मैद्यापुरता. उरलं कोण? मुका.

पुढच्या बुधवारी दुपारी ती रस्ता ओलांडून पार्सल ऑफिसच्या पायऱ्या चढली. कठड्याला धरून, एकेका पायरीला गुडघ्याला शिव्या देत. हातात बिस्किटांचा एक डबा होता, उगाच, आलोच आहोत तर कामाला आलोय असं दिसायला.

आत पुठ्ठ्याचा आणि धुळीचा वास. चिकटपट्टी ओढल्याचा चर्रर्र आवाज. तोच काडीपैलवान खाली बसून काट्यावरच्या एका प्लास्टिकच्या क्रेटमधून सुटी पाकिटं बाहेर काढत होता. तिला बघून तो इतक्या घाईने उठला की डोकं फळीला आपटलं.

"या! या, या... पाठवायचंय?"

"हा डबा." मग आवाज खाली आणून, "आणि ते... तुम्ही म्हणाला होतात ना..."

"हो हो हो." त्याने क्रेट उचलून बाजूला टाकला, काट्याची लोखंडी फळी बाहीने पुसली. "चढा. चपला काढायच्या का तुमचं तुम्ही ठरवा."

"आकडा मोठ्याने वाचायचा नाही."

"तोंडाला कुलूप."

"तुम्ही बघायचंही नाही."

"डोळ्यांना कुलूप."

ती चपला काढून चढली. श्वास धरला. कानातली सैलसर होती, तीपण काढून हातात घेतली. मग लक्षात आलं की हातात घेतली तर वजन तेवढंच, म्हणून त्याच्याकडे दिली. त्याने ती दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतली. आकड्यांचा डबा त्याच्याकडे तोंड करून होता, तो त्याने डोळे मिटून तिच्याकडे वळवला.

शहात्तर.

ठिणगीने डोळे चोळले. शहात्तरच. दोन किलो! एवढ्यात!

"अहो!" ती ओरडली. स्वतःची अटच विसरली. "अहो, दोन किलो गेले माझे! बघा ना! डोळे उघडा!"

त्याने डोळे उघडले. पण डब्याकडे बघितलंच नाही. काट्यावर अनवाणी उभी राहून टाळ्या पिटणारी एक मुलगी, केसांना मैदा लागलेला, गालावर खळी — आणि ही खळी औषधांच्या दुकानात कुठे लपवून ठेवली होती कोण जाणे.

"अभिनंदन," तो म्हणाला.

कानातली परत घ्यायची ती विसरली. पायऱ्या उतरताना तिला त्याची हाक आली, आणि परत वर जाताना गुडघ्याला शिव्या द्यायचंही ती विसरली.

झालं. तेव्हापासून बुधवार म्हणजे काट्याचा. आणि बुधवार सोडून बाकीच्या दिवशी हा बेकरीत. रोज. क्रीम रोल एक, नानकटाई पाव किलो, कधी केकचा तुकडा.

"घरी खूप माणसं आहेत का हो?" मावशीने एकदा गल्ल्यावरून विचारलं.

"नाही... मी एकटाच राहतो."

"मग एवढं कोण खातं?"

"मीच," तो म्हणाला आणि मागच्या खोलीच्या दाराकडे बघू लागला. दाराला अर्धाच पडदा होता. पडद्याखाली ठिणगीचे पाय दिसायचे. तो पायांकडे बघून हसायचा, आणि पाय, खरं सांगते, एकावर एक चढून लाजायचे.

पण काटा! त्या काट्याला काय झालं होतं देव जाणे. पहिल्या बुधवारी दोन किलो एका झटक्यात, आणि त्यानंतर... शहात्तर. पुढच्या बुधवारी शहात्तर. त्याच्या पुढच्या बुधवारी शहात्तर आणि टिंबापुढे एक. मग परत शहात्तर.

"हा अडकलाय का?" तिने काट्याला लाथ घातली.

"अहो, सरकारी शिक्का आहे त्याला!"

"मग शिक्क्याला सांगा जरा खाली बघायला! मी घास मोजून खातेय. काल बाहुलीने माझ्यासमोर अख्खी पेस्ट्री खाल्ली आणि चमचा चाटला. मी काही बोलले नाही. मी! काही बोलले नाही! कळतंय का तुम्हाला ते किती मोठं आहे?"

"कळतंय," तो गंभीरपणे म्हणाला.

"मग याला का कळत नाही?"

तो खाली मान घालून चिकटपट्टीचं टोक शोधत बसला. मग हळूच म्हणाला, "काही पार्सलं उशिरा पोचतात. पण पोचतात."

"काही हरवतात."

"आमच्याकडून नाही."

तो असं काही म्हणायचा की राग कुठे ठेवायचा तेच कळायचं नाही. राग हातात घेऊन ती परत जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानाला चकरा मारायची. कारण काय, तर पुढच्या बुधवारी त्याला काय तोंड दाखवायचं?

एक गोष्ट मात्र तिच्या डोळ्यांनी टिपली होती. तिच्या डोळ्यांतून काही सुटत नसे. ती पार्सल ऑफिसात पोचली की हा दरवेळी काट्यावरून काहीतरी उचलत असायचा. पहिल्यांदा तो क्रेट. पुढच्या वेळी पाण्याने भरलेला जग. मग चिकटपट्टीच्या रिळांची पिशवी. आणि हल्ली हल्ली एक कुंडी. निवडुंगाची, छोटी, मातीची.

"हा निवडुंग काट्यावर काय करतो?"

"ऊन... ऊन येतं तिथे."

"तिथे? ट्यूबलाइट आहे वर."

"त्याला चालते ट्यूबलाइट."

आणि तो कुंडी उचलायचा, डबा आपल्याकडे वळवून धरायचा आणि ती चढली की मगच तिच्याकडे फिरवायचा. ठिणगीला वाटलं, वेडा आहे. चांगला आहे, पण वेडा आहे. असं वाटणं म्हणजे पुढे काय असतं ते तिला माहीत नव्हतं अशातला भाग नाही.

मग तो मंगळवार आला.

बुधवारी तीन मजली केकची ऑर्डर होती, मान वर करायला वेळ मिळणार नव्हता, म्हणून ती मंगळवारीच गेली. आठवडा फार छान गेला होता. सलवारीची नाडी चक्क जास्त ओढावी लागत होती. आज पंचाहत्तर दिसणार, दिसणारच, असं मनाशी म्हणत ती पायऱ्या चढली. तर आत तो नाही. त्याचे मालक, जाडसर चष्मेवाले काका.

"तो जेवायला गेलाय. तुला वजन करायचंय ना? चढ की. मी काय खातो तुला?"

काकांनी काहीच उचललं नाही, काहीच वळवलं नाही. डबा सरळ तिच्यासमोर. शून्य दिसत होतं. ती चढली.

सत्याहत्तर.

ती उतरली. परत चढली. सत्याहत्तर.

"बरोबर आहे का हो हा?"

"सकाळीच तपासणारा माणूस येऊन गेला. एकदम बरोबर!" काका अभिमानाने म्हणाले. त्या बिचाऱ्यांना काय माहीत.

एक किलो वाढला. घास मोजून, चमचा चाटणारीला काही न बोलून, पहाटे चकरा मारून — वाढला!

ठिणगी बेकरीत परत आली. मागच्या खोलीत गेली, क्रीम रोलचा ट्रे पुढ्यात ओढला आणि उभ्या उभ्या खायला लागली. एक. दुसरा. रडत रडत, नाकाला क्रीम. बाहुली दारात आली, बघून घाबरली आणि पडदा ओढून घेतला.

"आई," ती गल्ल्याकडे जाऊन कुजबुजली, "ताई क्रीम रोलला मारतेय."

मावशी आली. तिने ट्रे काढून घेतला नाही. नुसती शेजारी उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"खुर्ची आण," ठिणगी म्हणाली. "गल्ल्यावरची. बसते मी. बाहुलीला सांग, पाकळीची नळी बारीक तोंडाची घे, जाड तोंडाची घेतलीस म्हणून कोबी होतो."

"उद्याचा केक कोण करणार?"

"तो करते. शेवटचा."

बुधवारी सकाळपासून बारीक पाऊस लागला होता. ठिणगी केकच्या तिसऱ्या मजल्यावर फुलं चढवत होती आणि आज काट्यावर जायचं नाही हे दर थोड्या वेळाने स्वतःला बजावत होती. तेवढ्यात पडदा सरकला. दारात तो. डोक्यावरून पाणी गळतंय, छातीशी निवडुंगाची कुंडी धरलेली, मागे मावशी "अहो, आत कुठे, अहो!" करतेय.

"तुम्ही आला नाहीत," तो म्हणाला.

"येणार नाही."

"काकांनी सांगितलं... काल तुम्ही..."

"हो. सत्याहत्तर. ऐकायचं होतं ना? झालं समाधान? तुमचं पार्सल परत फिरलं. जा आता."

"नाही, ऐका. ते वाढलेलं नाहीये. म्हणजे... मी..." त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. "पहिल्या दिवशी तुम्ही शहात्तर नव्हता."

ठिणगीच्या हातातली क्रीमची पिशवी थांबली.

"आम्ही सुटी पाकिटं क्रेटमध्ये घालून तोलतो. रिकामा क्रेट काट्यावर ठेवायचा, बटण दाबून शून्य करायचं. म्हणजे क्रेटचं वजन धरत नाही. मग क्रेट उचलला की परत बटण दाबून काटा सरळ करायचा असतो. त्या दिवशी मी ते विसरलो. क्रेट दोन किलोचा आहे. तो तुमच्यातून वजा झाला."

"विसरलात? रोजचं काम तुमचं!"

"मी डब्याकडे बघतच नव्हतो," तो म्हणाला. "तुमच्याकडे बघत होतो."

पडद्यापलीकडे बाहुलीने "अय्या" केलं आणि मावशीने तिला चिमटा काढला. दोन्ही ऐकू आलं.

"तुम्ही गेल्यावर कळलं मला. सांगायला धावणार होतो. पण तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या हो... आणि ती खळी... मला नाही जमलं. मग पुढच्या बुधवारी काटा सरळ ठेवला असता तर तुमचे दोन किलो वाढले असते. म्हणून परत काहीतरी ठेवून शून्य केलं. पण दरवेळी आधीपेक्षा जरा हलकं. म्हटलं, हळूहळू फेडून टाकू. दर बुधवारी तुम्ही थोड्या कमी व्हायचात, आणि मी थोडा खरा व्हायचो. आकडा बिचारा जागच्या जागी."

ठिणगीने क्रीमची पिशवी टेबलावर ठेवली. डोक्यात हिशोब लागत होता, आणि जसजसा लागत होता तसतसे कान लाल होत होते.

"म्हणजे पहिल्या दिवशी मी नाचले, तेव्हा काहीच झालं नव्हतं."

"नाही."

"आणि नंतर मी रडत होते, तेव्हा माझं खरंच कमी होत होतं."

"...हो."

"म्हणजे माझं हसू पण खोटं आणि रडू पण खोटं! मी इथे उपाशी मरतेय आणि माझं कमी झालेलं तू त्या क्रेटला खायला घालत होतास!"

'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

त्याने कुंडी पुढे केली. "हे हातात धर. एकदाच. मग हवं तर मला फेकून मार."

रागाच्या भरात तिने धरली. आणि हात खाली गेला. छोटीशी दिसणारी कुंडी, पण ओली माती, चांगली जड.

"एक किलो आहे बरोब्बर. अठ्ठ्याहत्तरची सत्याहत्तर झालीस तू. हे एवढं तुझ्या अंगावरून गेलंय. हे खरं आहे, काकांच्या काट्यावरचं. हे घेऊन तू इतके दिवस चालत होतीस, उभी राहत होतीस... आता नाही."

ती कुंडीकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे. मग दाराकडे बोट केलं.

"निघ."

तो गेला.

आता ठिणगीची एक खोड होती. भांडणात खरं झोंबणारं वाक्य तिला नेहमी समोरचा गेल्यावर सुचायचं. आताही तसंच झालं. तो दुकानाबाहेर पडला असेल नसेल, आणि हिला सुचलं. आणि इतकं भारी सुचलं की वाया घालवणं शक्यच नव्हतं. तिने क्रीमची पिशवी बाहुलीच्या हातात कोंबली आणि अंगावरच्या एप्रनसकट सुटली. भर पावसात रस्ता पळत ओलांडला. एका सायकलवाल्याला "दिसत नाही का!" म्हणून दम भरला. पार्सल ऑफिसच्या पायऱ्या धडाधड चढली आणि दारातच ओरडली, "आणि ऐक! तुझ्यापेक्षा ती औषधांच्या दुकानातली बाई परवडली! चारचौघांत बोलते, पण खरं तरी..."

आणि ती थांबली.

तो घाबरून भिंतीला टेकला होता. "खरं तरी... काय?"

ती मागे वळून पायऱ्यांकडे बघत होती. मग खाली, आपल्या गुडघ्याकडे. हात लावून बघितला. पुन्हा पायऱ्यांकडे.

"मी कठडा नाही धरला," ती म्हणाली.

"काय?"

"अरे, मी पळत आले! वर! दुखलं नाही!" ती धाडधाड खाली गेली, परत वर आली. धाप लागली होती, केस चेहऱ्याला चिकटले होते, आणि गालावर ती. खळी. "दुखत नाहीये! आत्ता बघ हां..." परत खाली.

"अगं, भिजशील!"

"भिजू दे!"

तो छत्री घेऊन तिच्यामागे खाली-वर करायला लागला. चष्मेवाले काका आतून बाहेर आले, दोघांकडे जरा वेळ बघितलं आणि काही न विचारता परत आत गेले.

शेवटी ती वरच्या पायरीवर बसली. तो एक पायरी सोडून बसला. छत्री तिच्यावर, स्वतः बाहेर.

"मी अजून रागावलेलीच आहे," ती म्हणाली.

"माहितीये."

"पुढच्या बुधवारपासून डबा रस्त्याकडे तोंड करून ठेवायचा. आणि शून्य मी बघणार. वाढलं तरी चालेल, पण खरं सांगायचं."

"खरंच सांगेन." तो छत्रीचा दांडा फिरवू लागला. "खरं सांगायचंच आहे तर... क्रीम रोल मला आवडत नाहीत."

"मग रोज कशाला..." आणि मग तिला कळलं. तिने छत्री ओढून दोघांच्या मध्ये आणली. इतकंच. पण इतकं पुरे होतं.

डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर ती साडेशहात्तर भरली. तीन महिन्यांत दीड किलो. मावशी तोंड वाकडं करणार एवढ्यात डॉक्टरीणबाईंनी गुडघा वाकवला, सरळ केला, दाबला. ठिणगीने हूं की चूं केलं नाही.

"सूज गेलीय," त्या म्हणाल्या. "वजन हळू का होईना, पण खाली येतंय. असंच चालू राहिलं तर उभं राहायला माझी ना नाही. काय करतेस तू? लिंबूपाणी?"

"भांडते," ठिणगी म्हणाली. "दर बुधवारी."

खुर्ची बाहुलीला मिळाली. ती गल्ल्यावर खूश होती, तिथे गुलाब काढायला लागत नाहीत. निवडुंग टेबलाच्या कोपऱ्यात आला. फार कंटाळा आला, आकडा हललाच नाही असं झालं, की ठिणगी कुंडी उचलून बघायची. जड लागली की परत खाली ठेवायची आणि कामाला लागायची.

पुढे एका बुधवारी डबा रस्त्याकडे तोंड करून होता. शून्य तिने तपासलं होतं. शहात्तर. या खेपेला खरंखुरं. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसती बघत राहिली, आणि तो तिच्याकडे.

"आता तू चढ," ती म्हणाली.

"मी कशाला?"

"एवढे महिने माझं बघितलंस. चढ."

तो चढला. पंचाहत्तर. ठिणगीने भुवया उंचावल्या. "आणि आधी?"

"एकाहत्तर," तो पुटपुटला. "तुझ्या मावशीच्या कृपेने."

"म्हणजे मी टाकलं ते तू उचललंस!" ती पोट धरून हसली. काडीपैलवानाची काडी गेली होती, हे इतके दिवस तिच्यासारखीच्या डोळ्यांना दिसलं नव्हतं! हसता हसता तिचा तोल गेला म्हणा, किंवा नाही गेला म्हणा, पण ती त्याच्या शेजारी काट्यावर चढली. फळी अरुंद. तिला त्याचा शर्ट धरावा लागला. खिशावर चिकटपट्टीचा तुकडा होता, आजही. तिने तो हळूच काढला.

"आता यात कुणाचं किती, कसं कळणार?" ती हळू आवाजात म्हणाली.

"कळायला... हवंच आहे का?" त्याच्या हनुवटीशी तिचे केस होते. त्यांना व्हॅनिलाचा वास येत होता. "मला तू हवी आहेस. अठ्ठ्याहत्तर, शहात्तर... जो आकडा असेल तो."

ठिणगीला नेहमीप्रमाणे काहीच सुचलं नाही. तो गेल्यावर सुचलं असतं. पण तो जात नव्हता.

"मलापण," ती म्हणाली.

आणि तेवढ्यात मुका काटा बोलला. दीडशे किलोच्या वर गेलं की तो कोकलायचा हे तो विसरला होता, आणि तिला माहीतच नव्हतं. टीं टीं टीं टीं, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा.

"काय चढवलंयस रे काट्यावर?" आतून काका ओरडले.

"पार्सल आहे काका!"

"एवढं मोठं? कुठे पाठवायचंय?"

त्याने ठिणगीकडे बघितलं. तिने मान हलवली, नाही म्हणून.

"कुठेच नाही काका," तो म्हणाला. "पोचलंय."